२२६३३ सोबत ६३०५२ लावायचा की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात बसून अमेरिकेतले मेडिकल चार्ट कोड करते, म्हणजे ऑपरेशनच्या नोटा वाचून बिलासाठी आकडी कोड देते. बरीच वर्षं ऑर्थो केलं, तीन महिन्यांपूर्वी न्यूरोसर्जरीच्या टीमला टाकलं. कार्पल टनेलच्या (मनगटातल्या दबलेल्या नसेच्या) ऑपरेशनचा ६४७२१ झोपेतही सांगेन, पण मणक्याची नोट उघडली की हात थबकतो.

केस अशी: एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) टीएलआयएफ, म्हणजे मागून एका बाजूने डिस्क काढून मणके जोडणं, आणि जोडीला पोस्टरोलॅटरल फ्यूजन (मणके मागून-बाजूने जोडणं), म्हणून दोन्हींचा एकत्र कोड २२६३३. वरच्या एल३-एल४ ला फ्यूजन नाही, नुसतं डिकम्प्रेशन (नसांवरचा दाब काढणं). तिथे त्याचा कोड ६३०४७, त्याला ५९ मॉडिफायर (ही वेगळी प्रक्रिया आहे अशी खूण). इथवर ऑडिटरचं काही म्हणणं नाही. घोडं अडलंय एल४-एल५ च्या लॅमिनेक्टमीवर (मणक्याच्या मागचं हाड काढण्यावर). तिथे मी ६३०५२ दिला, म्हणजे फ्यूजनच्याच लेव्हलला केलेल्या डिकम्प्रेशनचा जोड-कोड, त्यांनी तो काढून एरर टाकला.

डिस्कची जागा तयार करायला जेवढं हाड काढावं लागतं ते २२६३३ मध्येच धरलेलं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच वर्णनात 'डिकम्प्रेशनसाठी सोडून' असंही म्हटलंय ना? २०२२ मध्ये ६३०५२ आणि जादा लेव्हलसाठीचा ६३०५३ आणले ते यासाठीच.

खरी गोम सर्जनच्या नोटमध्ये आहे. निदानात स्टेनोसिस (नसांची जागा अरुंद होणं) आहे. मथळ्यात 'एल३ ते एल५ डिकम्प्रेशन' आहे. आत मात्र एल४-एल५ बद्दल एवढंच: डावा फॅसेट (मणक्यांमधला छोटा सांधा) काढला, डिस्कपर्यंत पोचलो, डिस्कच्या जागी केज बसवला, स्क्रू घातले, एल५ ची रूट (नसेचं मूळ) मोकळी दिसली. एल३-एल४ ला याच डॉक्टरांनी जाड झालेलं लिगामेंट काढल्याचं, दोन्हीकडच्या रूट प्रोबने तपासल्याचं अगदी रंगवून लिहिलंय.

'मोकळी दिसली' म्हणजे 'मोकळी केली' धरायचं का? रिबटल (ऑडिटरच्या एररला लेखी उत्तर) द्यायला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

प्रतिसाद १
ऑडिटर बरोबर आहेत, वाईट वाटून घेऊ नका. मथळ्यावरून कोड देत नाहीत, आतल्या मजकुरावरून देतात. टीएलआयएफला फॅसेट काढल्याशिवाय डिस्कपर्यंत पोचताच येत नाही, त्यामुळे त्या एका ओळीवर ६३०५२ टिकणार नाही. वाटेपुरतं हाड काढलं त्यापलीकडे रूटवरचा दाब घालवायला काय केलं, ते लिहिलेलं हवं. रिबटल सोडा, डॉक्टरांना क्वेरी (नोटबद्दल लेखी विचारणा) टाका. फक्त 'डिकम्प्रेशन केलं होतं ना?' असं विचारू नका. उत्तर तोंडात घातल्यासारखं होतं, आणि ती क्वेरीच उद्या ऑडिटमध्ये निघते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. जाता जाता: केजचा २२८५३ दिसतोय का? स्क्रू एकाच लेव्हलला आहेत, मग २२८४० पण. आणि नुसत्या पोस्टरोलॅटरल फ्यूजनचा २२६१२ वेगळा लावला नाहीत ना? तो २२६३३ च्या पोटातच येतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. २२६१२ नाही लावला. क्वेरी अशी टाकतेय: 'एल४-एल५ ला हाड व लिगामेंट किती काढले व कोणत्या हेतूने, ते कृपया स्पष्ट करावे.'

२२८५३ दिलाय. २२८४० मात्र खरंच राहिला होता. माझाही, आणि ऑडिटरच्याही नजरेतून सुटलेला. आता तो मी आपणहून सांगू की गप्प बसू?