मदत हवी आहे: वहिनीची अर्धशिशी पाळीसोबतच येते, कोणाला दाखवावं?

आम्ही राळेगाव तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. वहिनी 34 वर्षांची. महिन्यातून एकदा तिचं अर्धं डोकं असं ठणकते की फोडणीचा वाससुद्धा सहन होत नाही. उलट्या होतात. मग कापूस भरून ठेवलेल्या खोलीत जाऊन पडते, कारण घरात तेवढीच एक जागा अंधाराची. दोन दिवस तिथंच. नेमकी वेचणी सुरू असली की घरात कुजबुज होतेच. आई म्हणते, "उन्हाचं हाय ते, कांदा ठेव डोक्यावर."

चष्मा झाला, सायनसचं औषध झालं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, नाकात तूप सोडून झालं. आमच्याकडे अजून बाजूला बसतात, त्यामुळे बाईच्या तारखा घरभर माहीत असतात (तेवढाच काय तो फायदा). दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर मी तिच्या डोकेदुखीच्या खुणा करून पाहिल्या. दरवेळी पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू!

एका खासगी डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला आहे. खरंच लागतो का? मेंदूचे डॉक्टर पाहायचे की बायांचे?

पळसफूल: मी डॉक्टर आहे, पण न तपासता लिहितोय हे लक्षात ठेवा. कॅलेंडर चालू ठेवा, अर्धं निदान त्यातच आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात, तीनपैकी निदान दोन पाळ्यांना अर्धशिशी आली तर ती पाळीशी जोडलेली धरतात. त्या दिवसांत इस्ट्रोजेन हे बायांच्या शरीरातलं हार्मोन एकदम उतरतं, त्यानं दुखणं चाळवतं. बरीच वर्षं एकाच धर्तीचं दुखणं आणि तपासणीत बाकी सगळं ठीक, तर सहसा सीटी लागत नाही. पण अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर सीटीचा विचार करत घरी बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

आता मला सांगा: दुखण्याआधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेघा येतात का? पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते का? दमा, बीपी, पोटात अल्सर? आणि साध्या दुखण्याच्या गोळ्या महिन्यातून किती दिवस? 15 दिवस किंवा जास्त होत असतील तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं.

मोर्शीची काकू: माझंही हेच होतं गं. मला डॉक्टरांनी नेप्रोक्सेन ही दुखण्याची गोळी दिली, पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस, जेवणानंतर. पाळी वेळेवर येत असेल तरच हे जमते. तरी कळ उठलीच तर सुमाट्रिप्टान ही अर्धशिशीची गोळी, ठणका चढायच्या आधी. उशिरा घेतली तर काही कामाची नाही. आणि त्या दिवसांत तिला एकादशी धरू देऊ नका! उपाशी राहिलं की डोकं उठलंच समजा.

धागाकर्ती: वहिनीला बसवून विचारलं. गोळ्या महिन्याला चार-पाचच, दमा-बीपी नाही. पण आशाताईंनी दिलेल्या पाळणा लांबवायच्या माला-एन गोळ्या घेते. पाकिटातल्या तपकिरी गोळ्या सुरू झाल्या की डोकं धरते, म्हणाली. आणि रेघा दिसतात! दरवेळी नाही, कधी कधी, वीसेक मिनिटं. तिला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

पळसफूल: बरं झालं विचारलंत. माला-एनच्या 21 पांढऱ्या गोळ्यांत हार्मोन असतात, 7 तपकिरी फक्त लोहाच्या. तपकिरी लागल्या की इस्ट्रोजेन उतरतं, म्हणून त्याच आठवड्यात दुखतं. पण त्याहून महत्त्वाच्या त्या रेघा. रेघांची अर्धशिशी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. पुढचं पाकीट सुरू करू नका, याच आठवड्यात दाखवा. तोवर निरोध वापरायला सांगा. नंतर तांबी किंवा 'छाया' गोळी, तिच्यात हार्मोन नाही, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मेंदूच्या डॉक्टरांपासूनच सुरुवात हवी असं नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामला मेडिसिनची ओपीडी चालेल. रेघांचं आणि गोळ्यांचं पहिल्याच वाक्यात सांगा.

धागाकर्ती: सोमवारी नेते. अडचण एकच. आई सोबत येते म्हणते, आणि या गोळ्यांचं दादाला माहीत आहे, आईला नाही. तिला अजून एक नातू पाहिजे.

मोर्शीची काकू: आईंना कागद काढायच्या रांगेत उभं कर. तिथून लवकर सुटका नाही. आणि आत जाताना डॉक्टरबाईंना हळूच सांग, त्या स्वतःच सगळ्यांना बाहेर काढतात. पाकीट मात्र पिशवीत न्यायला विसरू नको.