रक्त सांडलं की डाग जातो का? परग्रहावरच्या बदनाम पलटणींच्या कथा

वाटाड्या
अंतराळयुद्धाच्या कथांमधला एक साचा मला आता सहन होत नाही. कोर्टमार्शल झालेले, बडतर्फ केलेले, पळपुटे ठरवलेले वीस-पंचवीस जण एका विषारी ग्रहावर उतरवतात. प्राणवायू मोजून दिलेला. शेवटी पाच उरतात आणि वरून निरोप येतो: तुमचा कलंक पुसला. आपले डोळे भरून येतात. पण इथे लेखक नकळत शिक्षा देणाऱ्याचीच वकिली करून बसतो.

ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. २८ जुलै १९४२ ला स्टालिनने २२७ क्रमांकाचा हुकूम काढला. 'एक पाऊलही मागे नाही' म्हणतात तोच. प्रत्येक आघाडीवर अधिकाऱ्यांच्या एक ते तीन शिक्षा-बटालियन, प्रत्येकीत आठशेपर्यंत माणसं. शिवाय शिपायांच्या दीडशे-दोनशेच्या शिक्षा-कंपन्या. रक्ताने प्रायश्चित्त घ्यायचं, ही भाषा त्या हुकुमातलीच. पुढे मुदत एक ते तीन महिने ठरली, आणि जखमी झालात तर त्याआधीच सुटका. युद्ध संपेपर्यंत चार लाखांवर माणसं यातून गेली. म्हणजे गुन्हा फिटला की नाही, हे गोळी लागली की नाही यावर ठरणार. याला न्याय कसा म्हणायचा? आणि कथेत आपण यालाच टाळ्या देतो.

सह्यकडा
असहमत. हुकूम क्रूर होता, पण डाग पुसून टाकायची माणसाची तहान खरी असते. सोव्हिएत सेनानी रोकोसोव्स्की बघा. १९३७ त अटक, कोठडीत मारहाण, दात पाडले, १९४० त सुटका. तोच माणूस स्टालिनग्राडला डॉन आघाडी सांभाळतो आणि २४ जून १९४५ ला मॉस्कोच्या विजयसंचलनाचं नेतृत्व घोड्यावरून करतो. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याला नुसती सहानुभूती पुरत नाही, त्याला काम हवं असतं. या कथा ते काम देतात, म्हणून मी त्या वाचतो आणि वाचत राहणार.

वाटाड्या
रोकोसोव्स्की शिक्षा-बटालियनमध्ये नव्हताच. त्याला आधी हुद्दा परत मिळाला, मग तो लढला. क्रम उलटा आहे हो, आणि माझा सगळा मुद्दा त्या क्रमाचाच आहे.

शुक्रतारा
तुम्ही दोघंही ग्रह विसरलात! शुक्राचंच घ्या. १ मार्च १९८२ ला व्हेनेरा १३ तिथे उतरलं. तापमान साडेचारशे अंशांच्या वर, हवेचा दाब आपल्या नव्वदपट. ३२ मिनिटं टिकावं म्हणून बांधलेलं यान १२७ मिनिटं टिकलं, आणि तेवढ्यात त्याने जमिनीचे रंगीत फोटो पाठवले. अशा ठिकाणी बंदूक घेऊन धावणारा नायक मला पटत नाही. पलटणीत सगळ्यात मोलाचा कोण, तर सूटचं शीतयंत्र दुरुस्त करू शकणारा. तो चोरीच्या आरोपाखाली आलाय की पळपुटा म्हणून, हे तिथे कोण विचारणार? आणि वाटाड्या, तुमच्या बाजूचा मुद्दा इथेच आहे: राक्षस नसला तरी चालेल. सुटे भाग खाली पाठवायचे की नाही हे वर कक्षेत बसलेला अधिकारी ठरवतो. कथा खरी तिथे आहे.

माणदेशी
मी विज्ञानकथा फार वाचत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझे वडील हवालदार होते. आमच्याकडे घरटी एक तरी फौजेत. गावातले एक काका बडतर्फ होऊन आले. पेन्शन नाही, कँटीन कार्ड नाही. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानात माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या असायच्या. हे काका कुंपणाबाहेर लिंबाखाली उभे राहायचे. बाहेरच, पण सावधानमध्ये. टाचा जुळलेल्या, मुठी शिवणीला टेकलेल्या. राष्ट्रगीत संपलं की कोणाशी न बोलता निघून जायचे. ते बारा-तेरा वर्षं मी बघितलंय. त्यांना कोणी कुठल्या ग्रहावर पाठवलं नाही, रक्त द्यायची संधीसुद्धा दिली नाही. सह्यकडा म्हणतात ती तहान मला माहीत आहे. पण ती पुरी व्हायला माणूस मेलाच पाहिजे, असं का लिहितात?

सह्यकडा
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जो हाल्डमनने १९७४ च्या 'द फॉरएव्हर वॉर' या अंतराळयुद्धाच्या कादंबरीत युद्धाइतकंच परत येणं लिहिलंय, ते आठवलं. तरीही मी माझ्या मतावर आहे: लढायची संधी नाकारणं हीसुद्धा शिक्षाच, आणि तुमच्या काकांना तीच भोगावी लागली. त्यांनी आपली बाजू कधी कोणाला सांगितली होती का?

माणदेशी
एकदा. माझ्या वडिलांना, रात्री, आमच्या गोठ्यात. आई कंदील ठेवून आत आली. वडिलांनी ते आम्हाला कधीच सांगितलं नाही, पण पुढच्या २६ जानेवारीला ते खुर्ची सोडून लिंबाखाली जाऊन उभे राहिले.