नोकरी गेल्यानंतरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

माझी नोकरी गेली तेव्हा मी हिशेब मांडला तो फक्त पैशांचा. शिल्लक किती महिने पुरेल, कोणता हप्ता पुढे ढकलता येईल, वगैरे. झोप उडेल, फोन वाजला की छातीत धस्स होईल, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. तुमच्या मनाचं काय झालं ते लिहा. सल्ले नकोत, ते फुकट आणि भरपूर मिळतात.

*

सहा आठवडे मी घरी सांगितलंच नाही. नेहमीच्या वेळेला बॅग घेऊन निघायचो, दिवसभर वाचनालयात बसायचो आणि संध्याकाळी "आज फार काम होतं" म्हणत परतायचो. थाप मारणं जमत होतं. बायको "दमलास का रे?" म्हणायची, ते मात्र ऐकवायचं नाही. एकदा मुलीने मला वाचनालयाच्या पायरीवर डबा खाताना पाहिलं. मला पत्ताच नाही. तिने ते आठ दिवस पोटात ठेवलं, आईलाही बोलली नाही. शेवटी सगळं बाहेर आलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला वाटलं तुम्हाला लाज वाटेल." नोकरी गेल्याचं आता काही वाटत नाही. त्या आठ दिवसांचं वाटतं.

*

माझा पहिला महिना चक्क मजेत गेला! साहेबांची कटकट संपली होती. दुसऱ्या महिन्यापासून अर्जांना नकार येऊ लागले, तिसऱ्यात नकारही येईनात. नकार परवडला.

*

मी दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत आंघोळ करत नसे आणि स्वतःला आळशी म्हणत असे. मग मारिएंथालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियातलं हे गाव तिथल्या कापडगिरणीवर जगायचं. ती बंद पडल्यावर मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहणी केली. निष्कर्ष १९३३ साली प्रसिद्ध झाले. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने हळू चालत, मध्येच थांबत. घाई कशाची नव्हतीच. याहोदांनी पुढे मांडलं की पगाराखेरीज नोकरी दिवसाला चौकट देते, घराबाहेरची माणसं देते, ओळख देते. माझी चौकट निखळली होती. आंघोळ मात्र तरीही दोनलाच.

*

नोकरी नवऱ्याची गेली, पण बोलणं माझं बंद झालं. आधी मी रोज संध्याकाळी "काही कळलं का?" विचारायचे. काळजीने हो. त्याला ती हजेरी वाटायची, हे त्याने वर्षभराने सांगितलं.

*

पहाटे तीनला जाग यायची, ती यायचीच. भूक गेली, चिडचिड वाढली. दोन महिने "टेन्शन आहे, जाईल" म्हणत काढले. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" मी हो म्हटलं. ते मोठ्याने म्हणण्याची पहिलीच वेळ. गोळ्यांचा फरक जाणवायला तीन-चार आठवडे लागले, समुपदेशन त्याहून जास्त चाललं. २००९ च्या एका मोठ्या विश्लेषणात बेरोजगारांपैकी ३४ टक्क्यांना मानसिक त्रास आढळला होता, नोकरी असलेल्यांत १६ टक्क्यांना. तेव्हा कुणी हा आकडा सांगितला असता तर मी म्हटलं असतं, बाकीचे ६६ सावरले, मीच कच्ची. डोकं त्या दिवसांत असंच चालतं.

*

नवी नोकरी लागून वर्ष झालं. काम चांगलं, माणसंही बरी. पण मॅनेजर "दोन मिनिटं येतोस का?" म्हणाले की उठण्याआधी माझी नजर टेबलावरून फिरते : चहाचा मग, चार्जर, फोटो. एका पिशवीत मावेल.