मदत हवी आहे: अमेरिकेला नर्सेस हव्यात म्हणतात, मग माझी फाइल हलत का नाही? (ईबी-३ म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा एक वर्ग, भारत)

आयसीयू_सिस्टर

नमस्कार मंडळी,

मी बीएस्सी नर्सिंग, सध्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. त्याआधी काही वर्षं दोहाला होते. एनक्लेक्स (अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा) पास, आयईएलटीएस झालं, व्हिसास्क्रीन (परदेशी नर्सला व्हिसासाठी लागणारा पात्रतेचा दाखला) हातात आहे. एजन्सीमार्फत एका अमेरिकन हॉस्पिटलची ऑफर आली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी माझा आय-१४० (मालकाने भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज) भरला आणि तो मंजूरही झाला. पुढे सगळं ठप्प.

सही करताना एजन्सीचा माणूस म्हणाला होता, "सिस्टर, नर्सिंग शेड्यूल ए मध्ये येतं. तिथल्या सरकारनेच तुटवडा मान्य केलाय, दोन वर्षांत तुम्ही तिकडे." आता फोन केला की एकच उत्तर: रिट्रोग्रेशन आहे (रांगेच्या तारखा मागे गेल्यात), वेट करा. दोहाला माझ्याच युनिटमधली फिलिपिनो मैत्रीण, जिची फाइल माझ्यानंतर गेली, ती टेक्सासला ड्यूटी करतेय. तिचा अनुभव माझ्याहून कमीच आहे, पण ते असो.

जाणकारांनी सांगावं की हे नक्की अडलंय कुठे. चुलत दीर न्यू जर्सीत आयटीत आहे, तो म्हणतो एच-१बी वर ये. असं होतं का? एजन्सी मध्येच सुचवते, "तोवर यूके करून घ्या." शिवाय करारात तीन वर्षांचा बॉण्ड आहे, मध्येच सोडलं तर मोठी रक्कम भरायची. मुलगी चौथीत आहे. आणखी दोन वर्षं लागणार असतील तर थांबेन, दहा लागणार असतील तर आत्ताच कळलेलं बरं. आगाऊ धन्यवाद.

बे_एरिया_बापू

ताई, शेड्यूल ए चा अर्थ एजन्सीने अर्धाच सांगितला. त्यात फक्त लेबर सर्टिफिकेशनचा टप्पा वाचतो. एरवी मालकाला जाहिराती देऊन दाखवावं लागतं की या कामाला इथला माणूस मिळाला नाही. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट कमी आहेत हे कामगार खात्याने आधीच धरलेलं असल्यामुळे ते करावं लागत नाही. प्रचलित पगाराचा दाखला घ्यायचा, हॉस्पिटलात नोटीस लावायची आणि थेट आय-१४० भरायचा. इथपर्यंत तुमचं व्यवस्थित झालं.

अडलंय त्याच्या पुढे. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजतात. ईबी-३ च्या वाट्याला त्यातली चाळीसेक हजार. वर कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताच्या रांगेत तुमच्यापुढे नर्सेस थोड्या, बाकी बहुतेक आमच्यासारखे आयटीवाले. व्हेंटिलेटर सांभाळणारी बाई आणि डेटाबेस सांभाळणारा मी एकाच रांगेत! तुटवडा नर्सेसचा असला तरी नर्सेससाठी वेगळी खिडकी नाही. पूर्वी होती. एच-१ए नावाचा खास व्हिसा १९९५ मध्ये संपला. नंतर एच-१सी आला, तोही वर्षाला फक्त ५०० जणींसाठी, आणि २००९ च्या शेवटी बंद पडला. वापरात न आलेले जुने व्हिसा परत काढून त्यातले २५ हजार नर्सेसना द्यावेत असं विधेयक २०२० पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय, पास काही होत नाही.

आता तारखा बघा. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणाचा नंबर आला ते सांगणारं सरकारचं मासिक पत्रक) ईबी-३ ला भारताची तारीख ऑगस्ट २०१३ होती. म्हणजे ज्यांची फाइल त्याआधीची त्यांनाच नंबर. बहुतेक बाकीच्या देशांची तारीख होती एप्रिल २०२३, आणि फिलिपिन्सही त्याच सुमाराला. मैत्रीण पुढे गेली ती एवढ्यामुळेच.

एच-१बी विसरा. त्या व्हिसाला पदासाठी पदवी अनिवार्य असावी लागते आणि साध्या स्टाफ नर्सच्या नोकरीला ती लागत नाही असं इथलं इमिग्रेशन खातं धरतं. नर्स प्रॅक्टिशनर वगैरेंना जमतं कधीकधी. त्यात सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा आकार बसवलाय. कुठलं हॉस्पिटल तो तुमच्यासाठी भरणार?

एक विचारतो. तुमच्या मिस्टरांचा जन्म कुठला? नागरिकत्व विचारत नाहीये, जन्म.

रानजाई

बापू, हा प्रश्न इथे कशाला?

बे_एरिया_बापू

कारण ही रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्मदेशावरून ठरते. आणि कायद्यात सोय आहे की जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. मुलांच्या जन्मावरून आईबापांना हा फायदा नाही, फक्त जोडीदारावरून. आमच्या ऑफिसात एकजण बायको कुवेतला जन्मलेली म्हणून आमच्या कितीतरी आधी मोकळा झाला. आम्ही सगळ्यांनी पार्टी घेतली आणि घरी जाऊन आपापल्या बायकांचे जन्मदाखले पाहिले.

लेस्टरकर

यूकेबद्दल मी सांगते, इथे सरकारी हॉस्पिटलात बँड ५ (स्टाफ नर्सची पगारश्रेणी) वर आहे. एजन्सी म्हणतेय तितकं सोपं राहिलेलं नाही. २०२२-२३ ला हॉस्पिटलं चालवणारे ट्रस्ट विमानाचं तिकीट पाठवून बोलवत होते, आता बाहेरून भरती बरीच थंडावलीय आणि इथे शिकून बाहेर पडलेल्या मुलींनाच जागा मिळत नाहीयेत. नर्सचा व्हिसा बंद नाही, जुलै २०२५ मध्ये बाहेरून भरती बंद झाली ती केअर वर्करची. पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम राहण्यासाठीची पाच वर्षं दहा करायचं घाटलंय. सीबीटी (संगणकावरची परीक्षा), ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), सगळं नव्याने. "तोवर" म्हणून करण्यासारखं काम नाही हे. यायचं तर यायचं म्हणून या.

आयसीयू_सिस्टर

बापू, तुमचा प्रतिसाद नाइटला ब्रेकमध्ये वाचला आणि हात थरथरायला लागले. मिस्टरांचा जन्म मस्कतचा आहे! सासरे तिथे बांधकाम कंपनीत होते. एजन्सीने किंवा त्यांच्या वकिलाने आजवर हे विचारलेलंच नाही.

पण घोळ आहे. मिस्टर चार वर्षांचे असताना सासूबाई त्यांना घेऊन कुडाळला आल्या. शाळेत नाव घालायला आजोबा गेले आणि जन्मस्थळाच्या रकान्यात त्यांनी कुडाळच सांगितलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निळ्या शाईत "मु. पो. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग" आहे, आणि त्यावरून पुढे काढलेल्या पासपोर्टवरही कुडाळ. मस्कतचा दाखला सासूबाईंच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडला. एक पानी, पूर्ण अरबीत, शिक्का पुसट. दोहाला राहून जेवढं अरबी वाचता येतं त्यावरून नाव आणि तारीख बरोबर वाटते. आता अमेरिकेवाले कशाला खरं मानणार?

जुना_मस्कतकर

हा घोळ निम्म्या कोकणात आहे वहिनी, घाबरू नका. गल्फला जन्मलेली पोरं आजोबांनी गावचीच करून टाकली.

जन्म खरा जिथे झाला तोच देश धरतात, त्यामुळे मूळ जन्मदाखला हाच तुमचा मुख्य कागद. पण पासपोर्टवर कुडाळ आणि अर्जात मस्कत असं घेऊन इंटरव्ह्यूला जाऊ नका. आधी अरबी दाखल्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. शिक्का वाचत नसेल तर ओमानमधून नवी प्रत काढा, तिथे कोणी नातेवाईक असेलच. मग पासपोर्ट रीइश्यूला टाकून जन्मस्थळ दुरुस्त करा. कुठले कागद लागतील ते पासपोर्ट ऑफिसमध्ये आधी विचारा, देश बदलतोय म्हटल्यावर प्रश्न विचारणारच.

आणि सासूबाईंचा जुना पासपोर्ट फेकला नाही ना? त्या काळी लहान मुलाचं नाव आईच्या पासपोर्टवर चढवायचे. ते पान, मस्कतच्या वकिलातीत जन्मनोंद केली असेल तर ती, हॉस्पिटलचं लसीचं कार्ड, जे सापडेल ते बाहेर काढा. लग्नाचा दाखला नगरपालिकेचा हवा, मंगल कार्यालयाची पावती चालत नाही.

घाटावरचा

बॉण्डचं कोणीच बोललं नाही म्हणून. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने फिलिपिनो नर्सेसच्या एका खटल्यात निकाल दिला की नोकरी सोडली म्हणून लावलेले हजारो डॉलर हा दंड आहे, आणि तो वसूल करण्याची धमकी देऊन कामावर ठेवणं मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग आहे. म्हणून प्रत्येक बॉण्ड रद्दबातल होत नाही. पण तुमच्या करारात रक्कम कशाची आणि तीन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची हे वाचून घ्या. तिथे पोचल्यापासून की कामावर रुजू झाल्यापासून? ओरिएंटेशनचे महिने धरतात का? वाद इथेच होतात.

आणि वकील एजन्सीचा आहे, तुमचा नाही. एकदा स्वतःच्या पैशाने दुसऱ्या वकिलाला दाखवा.

आयसीयू_सिस्टर

सासूबाईंचा पासपोर्ट मिळाला. कोपरा कापलेला, पण आत मिस्टरांचं नाव आहे. काल एजन्सीला मेल टाकला, त्यावर "हम चेक करके बताते हैं" असं आलंय. आय-१४० परत भरावा लागेल का? आणि मिस्टरांची इथली नोकरी सरकारी आहे. मी आधी जाऊन बस्तान बसवलं आणि ते मुलीला घेऊन वर्षभराने आले तर चालेल ना?

बे_एरिया_बापू

आय-१४० तोच चालतो, तारीखही तीच. तुमच्या वकिलाने नॅशनल व्हिसा सेंटरला (मंजूर फाइली इंटरव्ह्यूपर्यंत हाताळणारं सरकारी केंद्र) लिहायचं की अर्जदार पतीच्या जन्मदेशावर चार्ज करावी, म्हणजे त्या देशाच्या रांगेत धरावी, सोबत लग्नाचा आणि त्यांचा जन्माचा दाखला. डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) दोघांचे भरा. तुमची ऑक्टोबर २०२२ ओमानच्या हिशेबात आत बसते. मात्र अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि कोटा आधीच उडाला तर काही आठवडे सगळंच थांबतं, तेव्हा कागद लवकर करा. हॉस्पिटलला ती जागा अजून हवीय का, हेही लेखी विचारा. त्यांनी हात वर केले तर नवा मालक नवा आय-१४० भरेल, जुनी तारीख तुमच्याकडे राहते.

पण तुम्ही पुढे आणि ते मागून, हे या वाटेने होणार नाही. त्यांच्या जन्मावर तुम्ही चाललाय, म्हणून दोघांचे व्हिसा एकत्र निघतात आणि अमेरिकेत पहिलं पाऊलही दोघांनी एकाच वेळी टाकावं लागतं. रजा मिळते का बघा. एकत्र उतरून मग ते परत येऊ शकतात, पण ग्रीन कार्ड असताना किती दिवस बाहेर राहायचं ते त्याच वकिलाला विचारून ठरवा. मुलगी मागून आली तरी चालते.

आयसीयू_सिस्टर

बिनपगारी रजेचा अर्ज टाकायला सांगते. त्यांच्या साहेबांना ओमान, कुडाळ आणि अमेरिका हे सगळं कसं समजावायचं ते मात्र त्यांचं त्यांनी बघावं. पुण्यात असा वकील कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, प्लीज. एजन्सीकडून काय उत्तर येतं ते इथेच लिहिते.