दारू विकतची, गोष्ट घरची: याला ‘क्राफ्ट’ जिन म्हणायचं का?

कडूकाढा (धागालेखक)

‘हाताने घडवलेली’, ‘छोट्या बॅचमध्ये’ असं मिरवणाऱ्या जिन ब्रँडांपैकी बहुतेकजण मूळ अल्कोहोल स्वतः बनवतच नाहीत. मोठ्या कारखान्यातून धान्याचं ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ बेचव अल्कोहोल, येतं. ते पाण्याने हलकं करायचं, त्यात ज्युनिपर (जिनला तिची खास चव देणारी छोटी फळं), धणे, मुळं, साली भिजवायच्या, तांब्याच्या भट्टीत पुन्हा उकळायचं आणि लेबलवर आजोबांची गोष्ट छापायची. धान्य दळणं नाही, आंबवणं नाही. काहींकडे तर भट्टीसुद्धा नसते. दुसऱ्याच्या डिस्टिलरीत ऑर्डर देऊन माल काढून घेतात आणि नाव आपलं लावतात. विकत घ्यायला माझी ना नाही, पण मग ‘क्राफ्ट’ नेमकं कशाला म्हणायचं? बाटलीला?

तराजू

सोनार सोनं घडवतो, त्यासाठी खाणीत उतरतो का? अत्तर करणाराही अल्कोहोल विकतच आणतो.

आणि ९६ हा आकडा कुणाच्या आळसातून आलेला नाही. युरोपीय कायद्याप्रमाणे ‘लंडन जिन’ किमान ९६ टक्के शुद्धतेच्या, शेतमालापासून काढलेल्या अल्कोहोलमधूनच करावी लागते. साध्या पॉट स्टिलमधून, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीतून, इतकं शुद्ध काही निघत नाही, त्याला उंच कॉलम, म्हणजे मनोऱ्यासारखी भट्टी, लागते. म्हणजे छोट्याने तो कॉलम उभारून, वीज जाळून, मोठा कारखाना जे करतो तेच महागात करायचं, आणि तेही मुद्दाम बेचव. कशासाठी? (जाता जाता: ‘लंडन’ हे पद्धतीचं नाव आहे, गावाचं नाही. ती कुठेही बनते.)

कडूकाढा

सोनार ‘खाणीपासून दागिन्यापर्यंत सगळं आमचंच’ अशी पाटी लावत नाही हो. हे लावतात.

भट्टीवाला

एका छोट्या डिस्टिलरीत भट्टीवर असतो, म्हणून लिहितो. स्पिरिट विकतचं असतं, खरं आहे. पण ‘पुन्हा उकळायचं’ हे तुम्ही फारच पटकन उरकलंत.

साहित्य रात्रभर भिजतं. सकाळी आच दिली की आधी जे थेंब येतात ते नाकात झोंबतात, ते बाजूला काढायचे. मग सालींचा वास येतो, एकदम उजळ. त्यामागून ज्युनिपर, धणे, आणि शेवटाकडे अँजेलिकासारख्या मुळांचा मातकट सूर. पुढे एक क्षण येतो जेव्हा ग्लासातल्या वासाला शिजवलेल्या पाल्याची, ओल्या पुठ्ठ्याची झाक लागते. तिथे धार तोडायची. पाच मिनिटं उशीर झाला तर पुठ्ठा बाटलीत. मीटर अल्कोहोल दाखवतो, पुठ्ठा दाखवत नाही.

मागे एकदा ज्युनिपरचं नवं पोतं आलं. रेसिपी तीच, वजन तेच. बाटलीच्या ताकदीला आणायला पाणी घातलं तर सगळी टाकी दुधाळ. नव्या मालात तेल जास्त होतं, आणि पाणी वाढलं की तेल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहत नाही. चवीला वाईट नव्हती, पण पांढुरकी जिन कोण घेणार? ज्युनिपर कमी करून पुन्हा भट्टी लावली. हे कसब नाही तर काय?

कडूकाढा

हे मान्य, आणि हे तुम्ही लेबलवर लिहिलंत तर मी आधी वाचेन. पण एक सांगा, तुम्ही मल्टिशॉट करता की नाही?

भट्टीवाला

करतो. बाकीच्यांना कळावं म्हणून: भट्टीत साहित्य कित्येक पटीने घालून दाट अर्क काढायचा आणि नंतर न्यूट्रल स्पिरिट घालून वाढवायचा. कायद्याला चालतं. एका दिवसाच्या भट्टीत कितीतरी जास्त बाटल्या निघतात. नीट केलं तर चवीत फरक पकडणं कठीण.

कडूकाढा

म्हणजे बाटलीतलं बरंचसं अल्कोहोल तुमच्या ‘तांब्याच्या भट्टी’तून गेलेलंच नाही! चित्र मात्र भट्टीचंच.

रिकामी बाटली

मी मार्केटिंगवाली, तेव्हा दगड माझ्याकडे फेका.

जिन विकायची घाई का असते ते आधी बघा. स्कॉच व्हिस्कीला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात, जिन काही आठवड्यांत बाजारात. कर्जाचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून. म्हणून नवी व्हिस्की डिस्टिलरीसुद्धा आधी जिन काढते. आणि हे सगळ्यांनाच सुचल्यामुळे फळीवर गर्दी. तिथे चव कुणाला दिसत नाही, बाटली दिसते.

ही युक्ती छोट्यांनी शोधलेलीही नाही. बॉम्बे सफायरने १९८७ साली निळी काच आणली आणि दहा वनस्पतींची नावं बाटलीवरच मांडली. तोवर जिनमध्ये काय असतं याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नव्हतं. १९९९ मध्ये हेंड्रिक्स औषधाच्या जुन्या बाटलीसारख्या काळपट काचेतून आली, काकडी आणि गुलाब घेऊन. वाटते एखाद्या विक्षिप्त काकांची, मागे आहे विल्यम ग्रँटसारखं बडं व्हिस्की घराणं. आणि ती चांगली जिन आहे! गोष्ट सांगितली म्हणजे माल खोटा होत नाही.

तराजू

वनस्पतींचे आकडे मोजणं मात्र वाढलंय. मंकी ४७ मध्ये ४७ वनस्पती, अल्कोहोलही ४७ टक्के. ती जमलेली आहे, पण तिच्यामागून जो तो यादी लांबवत सुटलाय. यादीतलं विसावं नाव जिभेला सापडत नाही. त्याहून राग गुलाबी गोड प्रकाराचा. कायदा म्हणतो ज्युनिपरची चव वरचढ हवी. कित्येक बाटल्यांत ते शोधावं लागतं.

कडूकाढा

रिकामी बाटली, मग ‘छोटे’ किती दिवस छोटे राहतात तेही सांगा. लंडनच्या सिपस्मिथ या छोट्या जिन कंपनीने २००९ मध्ये ब्रिटिश कर खात्याशी झगडून लहान भट्टीचा परवाना मिळवला. १८०० लिटरच्या आतल्या भट्टीला तोवर परवाना मिळत नसे. त्या लढ्याला माझा सलाम, पुढच्या कितीतरी लहान भट्ट्या त्यामुळे पेटल्या. पण २०१६ मध्ये तीच कंपनी बीम सनटोरी या बड्या दारू कंपनीकडे गेली. एव्हिएशन ही जिन २०२० मध्ये डियाजिओ या दुसऱ्या बड्या दारू कंपनीने घेतली, ६१ कोटी डॉलरपर्यंतचा सौदा. त्यात ज्युनिपरचे किती आणि तिची जाहिरात करणाऱ्या हॉलिवूड नट रायन रेनॉल्ड्सच्या चेहऱ्याचे किती?

रिकामी बाटली

चेहऱ्याचे जास्त, यात वादच नाही. पण विकली गेली म्हणून आदल्या दिवशीची भट्टी खोटी ठरत नाही ना?

कडूकाढा

नाही ठरत. सोनाराचा मुद्दाही अर्धा मान्य. माझी मागणी एवढीच: स्पिरिट कुठलं, भट्टी कुणाची, नंतर वाढवलं की नाही, या तीन ओळी मागच्या लेबलवर छापा. मग पुढच्या बाजूला हवं तेवढं ‘क्राफ्ट’ लिहा.

भट्टीवाला

आमच्याकडे सुचवून झालंय. डिझायनर म्हणाला, मागे जागा नाही, आजोबांचा फोटो आहे. मालकांना विचारलं, कुणाचे आजोबा? तर म्हणे, फोटो डिझायनरनेच आणला होता.