८० हजारात गेमिंग लॅपटॉप: ३०५० की ४०५०?

कोथरूडकर: भावांनो, इंजिनिअरिंगला आहे, रूमवर गेमिंग आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर). आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला स्वस्त पडतोय, ४०५० साठी बजेट ताणावं लागेल, ताणू का?

सिंहगडरोडवाला: ताण रे. ३०५० च्या बऱ्याच मॉडेलला ४ जीबीच व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) असते, ४०५० ला ६ आणि वर फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या फ्रेम बनवून गेम स्मूद दाखवणं) पण मिळतं. पण नुसतं कार्डचं नाव बघून घेऊ नको, कार्डला किती वॅट पॉवर दिलीय ते विचार, ४०५० ही ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कशीही लावलेली असते आणि कमी वॅटवाली खूपच मागे पडते.

हडपसरकर: +१. रॅमची एकच स्टिक असेल तर दुसरी टाक, ड्युअल चॅनेलने (दोन स्टिक एकत्र चालल्याने) बऱ्याच गेममध्ये फरक पडतो.

कोथरूडकर: ऑनलाइन घेऊ की दुकानातून?

हडपसरकर: आधी दुकानात जाऊन स्क्रीन डोळ्यांनी बघ, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी) असूनही ४५ टक्के एनटीएससीवाली, म्हणजे कमी रंग दाखवणारी, फिकी दिसते, ब्लेंडरला अजिबात नको.