प्रति: एममॅप केलं की डेटा टिकलाच का?
वर म्हटलंय की डॅक्सने (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी थेट वापरू देणारी लिनक्सची सोय) माउंट केलेल्या फाइल सिस्टिममधली फाइल एममॅप केली (म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत जोडली) की लिहिलेलं लगेच कायम होतं. तसं नाही. मधली पेज कॅश (कर्नल फाइलची प्रत साध्या मेमरीत ठेवतो ती) टळते हे खरं, पण बाइट प्रोसेसरच्या कॅशमध्येच राहिलेले असू शकतात. ते सीएलडब्ल्यूबीने (कॅशमधले बाइट मेमरीत लिहायला लावणारी प्रोसेसरची सूचना) बाहेर ढकलायचे, मग एसफेन्स (आधीचं लिहिणं आधीच पुरं करून घेणारी सूचना). एवढंही पुरतं ते एममॅपला मॅप_सिंक हा फ्लॅग दिला असेल तरच (लिनक्स ४.१५ पासून आहे), नाहीतर नव्या ब्लॉकची फाइल सिस्टिममधली नोंद वीज गेल्यावर हरवू शकते, तिथे एमसिंकच (बदल कायम करायला कर्नलला सांगणारा कॉल) हवं. आणि मॅप_सिंक कृपया मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेट या मॅपिंगच्या प्रकारासोबतच द्या! साध्या मॅप_शेअर्डसोबत कर्नल तो फ्लॅग मुकाट्याने सोडून देतो. व्हॅलिडेट असेल, तर सोय नसलेल्या ठिकाणी एममॅप सरळ एरर देतं आणि प्रोग्रामला एमसिंककडे वळता येतं.